जुन्या डिझेल पिकअपची स्लो रेस वर-खाली होतेय, पंप खोलावा का?

माळशेजपलीकडे
नमस्कार मंडळी. गाडी २००७ची डिझेल पिकअप. चार सिलिंडर, जुन्या पद्धतीचा मेकॅनिकल पंप, सेन्सर-ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) काही नाही. नारायणगावहून भाजीपाला भरून आळेफाटा, माळशेज, कल्याण असं करत वाशी मार्केटला जाते आणि रिकामे क्रेट घेऊन परत येते.

गेल्या काही आठवड्यांपासून स्लोला, म्हणजे पेडलवरून पाय काढून इंजिन नुसतं चालू असताना, ते डोलतंय. रेस आपोआप वर जाते, खाली येते, परत वर जाते. सिग्नलला कधी कधी बंदच पडते. जाताना भरलेल्या गाडीला फारसा त्रास नसतो. परत येताना, विशेषतः मुरबाड सोडून घाट चढताना एखाद्या वळणावर पाय उचलला की हमखास. टोलनाक्यावर किंवा चहाला थांबलं की स्टिअरिंग हातात थरथरतं. सकाळी स्टार्ट व्हायला पूर्वीपेक्षा जास्त सेल्फ मारावा लागतो.

गॅरेजवाले म्हणतात, पंपाचा गव्हर्नर गेलाय, पंप उतरवून बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) लावावा लागेल. पंधरा-वीस हजारांचा अंदाज सांगितलाय. सीझन चालू आहे, गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवणं जिवावर येतंय. पंप खोलण्याआधी घरच्या घरी काय बघता येईल?

गावठी_इंजिनिअर
डिझेल फिल्टर कधी बदलला? फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून पाणी काढलंत का? पावसाळ्यानंतर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

माळशेजपलीकडे
फिल्टर नवीन आहे. पाणी काढलं, थोडंसंच निघालं. फरक शून्य.

पाना_बारातेरा
तुमच्या गॅरेजवाल्याला एकदम खोटं ठरवू नका. स्लो रेस धरून ठेवणं हे गव्हर्नरचंच काम. त्याच्या आत फिरती वजनं असतात. रेस वाढली की ती बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात, रेस पडली की मिटतात आणि स्प्रिंग डिझेल वाढवते. आतले पिन-बुशिंग झिजले किंवा काही अडकत असेल तर ही दुरुस्ती उशिरा होते. डिझेल वाढायला हवं तेव्हा वाढत नाही, आणि वाढतं तेव्हा गरजेपेक्षा जास्त वाढतं. मग रेस अशीच झोक्यावर बसल्यासारखी वर-खाली होत राहते. जुन्या गाडीत हे अगदी शक्य आहे.

सातपूरकर
पाना भाऊ, गव्हर्नर तुम्ही बरोबर सांगितलात, पण त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी बघण्यासारखं बरंच आहे. माझी नोकरी नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोटीच्या) कामात गेली. आमच्या नाशिकच्या सातपूरचा कारखाना आजही जुने लोक 'मायको' म्हणूनच ओळखतात, कंपनीचं नाव २००८मध्ये बॉश झालं तरी. नोझलची सुई आणि तिची बॉडी यांच्यात दोन-चार मायक्रॉनची फट असते. त्यात कचरा किंवा पाणी गेलं की सुई नीट बसत नाही, नोझल फवारा मारायच्या ऐवजी ठिबकतं. मग तेवढं एक सिलिंडर स्लोला मिसिंग मारतं.

ते ओळखायची जुनी रीत अशी. इंजिन स्लोला ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करायचा. चांगलं सिलिंडर असेल तर रेस लगेच पडते. नट सैल करूनही काही फरक पडला नाही, तर ते सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हतं. तो नट लगेच परत आवळायचा.

यात एक गोष्ट जिवाची आहे. तो फवारा हातावर घेऊ नका, बोटाने दाबून बघू नका. नटभोवती जाड कापड गुंडाळा, चष्मा घाला. उच्च दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. वरून बारीक टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडत जातं. असं झालं तर दुखायची वाट न बघता तडक मोठं हॉस्पिटल गाठायचं. सवय नसेल तर ही चाचणी मेकॅनिककडूनच करून घ्या.

रानवाटा
इंजिन माउंटिंगचे रबर बघा. ते बसले की इंजिन ठीक असूनही अख्खी केबिन हलते.

पाना_बारातेरा
पण रानवाटा, माउंटिंगमुळे सिग्नलला गाडी बंद पडणार नाही ना. धागाकर्त्यांची पडतेय.

खाडीकाठ
माझं स्पष्ट मत आहे की २०२० नंतरच्या डिझेलने जुन्या पंपांची वाट लावली. सल्फर काढलं, त्याच्याबरोबर वंगणही गेलं. आमच्याकडे खाडीत चालणाऱ्या बोटींच्या इंजिनांचंही तेच रडगाणं.

सातपूरकर
खाडीकाठ, अर्धं बरोबर आहे. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ इंधन आलं आणि सल्फरची मर्यादा ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आली, हे खरं. सल्फर काढायच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक बुळबुळीतपणा कमी होतो, हेही खरं. पण म्हणूनच तो भरून काढणारे घटक मिसळले जातात. भारतीय मानकात वंगणक्षमतेची अट घातलेली आहे, चाचणीत झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनच्या वर जाता कामा नये. त्यामुळे 'नवीन डिझेलने पंप खाल्ला' हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. जुने रबरी सील आणि पाइप मात्र वयाने कडक होतात, त्यांचं काय ते बघायलाच हवं. बोटींच्या बाबतीत पाण्याचा त्रास जास्त असतो, ती गोष्ट वेगळी.

दूरदेशी
इकडे टेक्सासमध्ये माझ्याकडे १९९२ची जपानी पेट्रोल पिकअप आहे, २.४ लिटर. तिलाही हुबेहूब हाच रोग झाला होता, म्हणून लिहितोय. गरम झाल्यावर रेस १००० आणि १८०० यांच्यामध्ये सारखी वर-खाली व्हायची. सगळे म्हणत होते सेन्सर बदला. निघालं काय, तर रेडिएटरमध्ये पाणी कमी!

संबंध असा: थंड इंजिनला जास्त हवा देण्यासाठी त्यात मेणाची एक झडप असते. तिच्या भोवती इंजिनचं कूलंट फिरतं. कूलंट गरम झालं की मेण फुगतं आणि झडप बंद होते. कूलंट कमी असल्याने तिच्यापर्यंत गरम पाणी पोचतच नव्हतं, झडप उघडीच राहायची, म्हणून रेस चढायची. आता पेडलवरून पाय काढलेला आहे आणि रेस मात्र जास्त आहे, हे बघून कॉम्प्युटरला वाटतं गाडी उतारावर आहे. तो पेट्रोल बंद करतो. रेस पडते, तो पेट्रोल चालू करतो, रेस पुन्हा चढते. झालं चक्र सुरू. कूलंट भरून आतली हवा काढली आणि इंजिन शांत झालं.

तेव्हा माळशेजपलीकडे, पाणी बघून घ्या. शिवाय हवेचा एखादा पाइप फाटला असेल, तर तिथून चोरून आत जाणारी हवाही असाच गोंधळ घालते.

गावठी_इंजिनिअर
दूरदेशी, माहिती झकास, वाचनखूण साठवली. पण यांच्या गाडीला लागू नाही. पेट्रोलमध्ये हवा मोजून पेट्रोल देतात, त्यामुळे चोरटी हवा शिरली की हिशोब बिघडतो. या जुन्या डिझेलमध्ये हवेच्या वाटेवर पेट्रोलसारखी झडप नाही. हवा पूर्ण आत येते, रेस ठरते ती फक्त डिझेलच्या मापावर. तेव्हा शोध डिझेलच्या वाटेवरच घ्यायचा.

दूरदेशी
मान्य. तरी पेट्रोलवाल्या कोणाला पुढे उपयोग होईल म्हणून राहू द्या.

कऱ्हाकाठ
मी वडिलांचं पंप-नोझलचं दुकान चालवते, बारामती भागात. वरची सगळी चर्चा वाचली. धागाकर्त्यांना दोन प्रश्न.

१. पंपाचे चार पाइप एका ओळीत निघतात की गोलाकार?
२. वाशीहून परत येताना टाकीत डिझेल किती असतं?

माळशेजपलीकडे
ताई, पाइप गोलाकार निघतात. डिझेल घरून निघताना भरून घेतो, परत येईपर्यंत काटा पावच्या आसपास आलेला असतो. त्याचा काय संबंध?

कऱ्हाकाठ
संबंध असू शकतो, आणि माझ्या मते दाट आहे. तुम्ही लिहिलंत की भरलेल्या गाडीला त्रास नाही, रिकामीला आहे. सगळ्यांनी ते वजनावर घेतलं. पण जाताना टाकीही भरलेली असते आणि येताना टाकीही उतरलेली असते. वरून घाटाचा चढ, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीच्या मागच्या बाजूला सरकतं. सकाळी सेल्फ जास्त मारावा लागणं हेसुद्धा त्याच दिशेने बोट दाखवतं: रात्रीतून लाइनमध्ये हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरतं. गव्हर्नर झिजला असता तर टाकी भरलेली असो की रिकामी, त्रास सारखाच दिसला असता.

गोल पंप म्हणजे रोटरी. अशा बऱ्याच गाड्यांमध्ये वेगळा फीड पंप नसतो, फिल्टरवर फक्त हाताने दाबायचा प्रायमर असतो. पंप स्वतःच टाकीतून डिझेल ओढतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची अख्खी लाइन ओढीखाली असते. त्यात कुठे बारीक फट असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि मेकॅनिक म्हणतो, 'लीक नाही, म्हणजे पंपच'. पंप उतरवायच्या आधी बाटलीवर गाडी चालवून बघा:

पंपाच्या इनलेटचा पाइप काढा. तिथे नवा छोटा पाइप लावून त्याचं दुसरं टोक स्वच्छ, गाळलेल्या डिझेलच्या डब्यात बुडवा. रिटर्नचा (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारा) पाइपही त्याच डब्यात सोडा. डबा पंपाच्या उंचीच्या जरा वर, घट्ट बांधलेला, सायलेन्सरच्या गरम पाइपापासून लांब. हवा काढून स्टार्ट करा. स्लो शांत लागली तर पंप, गव्हर्नर, नोझल बहुतेक निर्दोष, दोष मागच्या लाइनमध्ये. तशीच डोलत राहिली तर पंप माझ्यासारख्या कोणाकडे तरी घेऊन जा, आणि पाना भाऊंचं म्हणणं खरं.

बोल्ट उघडताना एक सांभाळा. या पंपांच्या रिटर्नच्या बोल्टवर 'आउट' असं कोरलेलं असतं. त्याला अगदी बारीक छिद्र असतं, पंपाच्या आतला दाब त्यावर टिकतो. इनलेटचा बोल्ट दिसायला जवळपास तसाच. दोघांची अदलाबदल झाली की चांगली गाडीही धड चालत नाही. आमच्याकडे अशा गाड्या येतात. पंप खराब समजून आणलेला असतो आणि फक्त बोल्ट बदलून परत जातो. तांब्याचे वॉशर दरवेळी नवे टाका.

पाना_बारातेरा
ताई, एक शंका. लाइनमध्ये हवा असेल तर लोडला जास्त डिझेल लागतं तेव्हा त्रास जास्त व्हायला हवा. यांना तर स्लोलाच होतोय.

कऱ्हाकाठ
शंका रास्त आहे. फट मोठी असली तर तसंच होतं, गाडी ओढतच नाही. पण फट बारीक असेल तेव्हा चित्र वेगळं. स्लोला प्रत्येक फवाऱ्याचं माप अगदी छोटं असतं, त्यात बुडबुडा आला की तो फवारा जवळजवळ वाया. रेस पडते, गव्हर्नर इमानदारीत डिझेल वाढवतो, तेवढ्यात बुडबुडा निघून जातो आणि वाढवलेलं डिझेल पूर्ण पडतं. रेस उसळते. म्हणजे गव्हर्नर बिघडलेला नसून जास्त राबतोय. लोडला माप मोठं, इंजिनला गती, त्यामुळे एखादा फवारा कमी पडला तरी जाणवत नाही.

सातपूरकर
उत्तम सांगितलंत. आमच्या वेळी नवीन पोरांना हे पटवायला बराच वेळ जायचा. बॉशने १९२७मध्ये ट्रकसाठी डिझेल पंपांचं मोठं उत्पादन सुरू केलं, तेव्हापासून पंपाचं तंत्र कितीतरी पुढे गेलं, पण डिझेलमधली हवा त्याला तेव्हाही चालत नव्हती आणि आताही चालत नाही.

माळशेजपलीकडे
मंडळी, आज भावाला मदतीला घेऊन बाटलीवर चालवली. स्लो एकदम शांत. काच खाली करून ऐकत बसलो, अजिबात डोलली नाही. एसी नाही गाडीला, पण हेडलाइट लावून, स्टिअरिंग फिरवून सगळं करून बघितलं. ताई, पंप वाचला!

मग पुन्हा मूळ लाइन जोडली आणि पंपाच्या तोंडाशी पारदर्शक पाइपचा तुकडा लावला. बुडबुडे दिसतात, एका मागून एक, बारीक मोहरीएवढे. आता शोधायचं कुठे?

रानवाटा
पंधरा-वीस हजार वाचले, धागाकर्त्यांनी सगळ्यांना एकेक क्रेट टोमॅटो पाठवावे असा ठराव मांडतो.

गावठी_इंजिनिअर
+१. सध्याचा भाव बघता दोन क्रेट.

खाडीकाठ
रबरी पाइप बघा आधी. चेसिसला जिथे क्लिप मारलेली असते तिथे घासून चिरतात. नुसतं बघून कळत नाही, वाकवून बघावं लागतं. बोटीवर आम्ही शंका आली की सरळ पाइपच बदलतो.

पाना_बारातेरा
प्रायमरच्या खालचं रबर विसरू नका. हाताने दाबून तो कडक होतो का बघा. कडक होऊन पुन्हा हळूहळू मऊ पडला तर हवा तिथूनच किंवा त्याच्या मागून येतेय.

कऱ्हाकाठ
अंदाजाने एकेक बदलत बसू नका, लाइन अर्धी-अर्धी करत जा. आता डबा फिल्टरच्या आधी जोडा. शांत असेल तर फिल्टर, प्रायमर आणि पुढचे वॉशर निर्दोष ठरले. मग चेसिसवरचा पाइप, शेवटी टाकी. आणि ही चाचणी एकदा टाकी भरलेली असताना, एकदा कमी असताना करा. भरलेल्या टाकीला बुडबुडे नसतील तर मी थेट टाकीत हात घालायला सांगेन.

माळशेजपलीकडे
ताईंनी सांगितल्याप्रमाणे केलं. फिल्टरच्या आधी डबा: शांत. त्यानंतर टाकी भरून बघितली: पारदर्शक पाइपमध्ये एकही बुडबुडा नाही. गाडी शेतावर, मार्केटला, इकडेतिकडे चालवत डिझेल कमी होऊ दिलं. काटा अर्ध्याच्या बराच खाली गेला आणि बुडबुडे सुरू.

टाकीवरचं फ्लोटचं युनिट (काट्याला डिझेलची पातळी दाखवणारं) उघडलं. त्याच्यासोबत डिझेल ओढणारी पातळ नळी खाली जाते. वरून साधारण दोन तृतीयांश खोलीवर, जिथे तिला पट्टी डागलेली आहे, तिथे गंज चढून टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडलंय. डिझेल त्याच्या वर असेपर्यंत तिथूनही डिझेलच ओढलं जायचं, कोणाला पत्ता नाही. पातळी त्याच्या खाली गेली की हवा. टाकीच्या तळाला गंजाचा चिखलही निघाला.

सातपूरकर
वा! अशी केस कागदावर लिहून नव्या मुलांना द्यावी.

गावठी_इंजिनिअर
थांबा, घाईत कोणी टाकीवर वेल्डिंग मारायला घेऊ नका. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ पेटते. युनिट बाहेर काढा, धुवून वाळवा, टाकीपासून लांब नेऊन नळीला ब्रेझिंग करून घ्या. फ्रिज-एसीची तांब्याची कामं करणारा माणूस हे सफाईने करतो. आणि टाकीच उतरवून धुवा, तो चिखल फिल्टरला पुरणार नाही.

कऱ्हाकाठ
बरोबर. शिवाय टाकीच्या झाकणाची हवेची वाट बुजलेली नाही ना ते बघा. ती बंद असली की टाकीत ओढ तयार होते आणि बारीक फटीसुद्धा हवा घ्यायला लागतात. झाकण उघडताना 'सुस्स' आवाज आला तर समजायचं.

माळशेजपलीकडे
नळी ब्रेझिंग करून बसवली, टाकी धुतली, झाकणही साफ केलं. काल वाशी करून आलो. घाटात, सिग्नलला, टोलला कुठेही डोलली नाही. सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये स्टार्ट.

आता एक नवीन. स्लो शांत आहे पण जरा चढलेली वाटते, आणि पाय काढल्यावर गाडी पटकन थांबत नाही, ओढत राहते.

पाना_बारातेरा
गॅरेजवाल्याने बंद पडू नये म्हणून स्लोचा स्क्रू वर करून ठेवला असणार. आता दोष गेला, स्क्रू तसाच राहिला. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर टॅकोमीटर लावून गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आणा. आधी अॅक्सिलरेटरची केबल ताणलेली नाही ना बघा, तिला किंचित ढील हवी, नाहीतर स्क्रू फिरवून काही होणार नाही. आणि फक्त स्लोचाच स्क्रू. जास्तीत जास्त डिझेलचा स्क्रू सील केलेला असतो, त्याला हात लावला की धूर, पीयूसी, इंजिन गरम होणं, सगळं मागे लागतं.

माळशेजपलीकडे
झालं. केबल ठीक होती, स्क्रूच वर होता. थंड इंजिन सकाळी पहिलं मिनिटभर थोडं थरथरतं, मग बरोबर. हे काय?

सातपूरकर
आधी हीटर प्लग (थंड सिलिंडर गरम करणारे) तपासून घ्या, एखादा गेला असेल. प्लग चांगले निघाले तर टॅपेटचं क्लिअरन्स (इंजिनच्या व्हॉल्व्हजवळची ठरलेली फट) बघा, मग नोझल उतरवून टेस्टरवर फवारा बघायचा. गंजाचा चिखल इतके दिवस फिल्टरवर येत होता, त्यामुळे नोझल एकदा बघून घेतलेले बरे. पण सीझन संपल्यावर केलंत तरी चालेल.

माळशेजपलीकडे
प्लगचं उद्याच बघतो. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि कऱ्हाकाठ ताई, तुमचे विशेष. नोझल तपासायला बारामतीलाच येईन म्हणतो.

कऱ्हाकाठ
या की. येताना चारही नोझलवर सिलिंडरचे नंबर लिहून आणा, आणि पाइपांची व नोझलची तोंडं स्वच्छ प्लॅस्टिकने बंद करा. कापडाचे धागे आत जातात.

रानवाटा
आमच्या शेजाऱ्यांच्या टेम्पोला अशीच लक्षणं आहेत. तो पारदर्शक पाइप कुठला घ्यायचा? बागेचा चालेल?

माळशेजपलीकडे
चाचणीपुरता मी साधा पारदर्शकच लावला होता, हार्डवेअरमध्ये मिळाला. आतला व्यास गाडीच्या पाइपाएवढा घ्या आणि दोन्ही टोकांना क्लिप मारा, नाहीतर तिथूनच हवा घेईल आणि भलताच निष्कर्ष निघेल.

कऱ्हाकाठ
आणि चाचणी झाली की काढून टाका. साधा पारदर्शक पाइप डिझेलने आणि इंजिनच्या गरमीने कडक होऊन तडकतो. कायमचा लावायचा तो डिझेलचाच रबरी पाइप.